कोच नावाची गाडी

मराठी मध्यमवर्गीयांच्या घरात ‘कोच’ हा शब्द पहिल्यांदा आला तो पाहुण्यांना बसायला. लाकडी हातांचा, रेक्झिनचा, उन्हाळ्यात पाठीला चिकटणारा. ‘या, असे कोचावर बसा’ म्हणून यजमान स्वतः खुर्चीच्या कडेवर टेकायचे. मग तो रेल्वेत भेटला. नाशिकरोडला गाडी उभी राहणार दोन-तीन मिनिटं, आणि आपला कोच नेमका फलाटाच्या त्या टोकाला, जिथं बाकसुद्धा संपलेले असतात. तिसऱ्या खेपेला तो गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर टोपी घालून मैदानावर उगवला. चौथा कोच म्हणजे कोचिंग क्लास. त्याची फी दोन हप्त्यांत भरायची असते, यापलीकडे त्याच्याविषयी बोलण्यासारखं काही नाही.

हे सगळे कोच एकमेकांचे कुणी लागतात का, अशी मला बरेच दिवस शंका होती. शोध घेतला तेव्हा बसायचा कोच परका निघाला. त्याचं कूळ फ्रेंच. पण रेल्वेतला आणि शिट्टीवाला मात्र सख्खे भाऊ! हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. तिथल्या घोडागाड्या पंधराव्या शतकात फार नावाजल्या, इतक्या की युरोपात गाडीलाच त्या गावाचं नाव पडलं. पुढं एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या टवाळ पोरांनी शिकवणीच्या मास्तरांना कोच म्हणायला सुरुवात केली. का, तर हा माणूस आपल्याला परीक्षेच्या पलीकडे गाडीसारखा वाहून नेतो. तिथून हा शब्द खेळात शिरला.

म्हणजे कोच ही गाडी आणि खेळाडू हा प्रवासी. इथपर्यंत सगळं ठीक आहे. पण आमच्या घरात मध्यंतरी असा वाद पेटला की, गाडी कोणती आणि प्रवासी कोण हेच कळेनासं झालं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या कॉलनीत, म्हणजे गंगापूर रोडच्या अलीकडे, बास्केटबॉलचं एक मैदान आहे. सिमेंटचं. दोन खांब, दोन रिंगा, त्यांतल्या एकीला जाळी नाही आणि दुसरी रिंग पोरांनी लोंबकळून लोंबकळून नमस्कार केल्यासारखी वाकलेली. उन्हाळ्यात अर्ध्या कोर्टावर कुरडया वाळत असतात. त्या मोसमात सामना अर्ध्या कोर्टाचा होतो, आणि बॉल कुरडयांत गेला तर तो ‘आउट’ धरतात. या मैदानावर रोज पहाटे साडेपाचला एक सर येतात. वय सत्तरीच्या घरात, उजवा पाय किंचित ओढत चालतात. तरुणपणी ते एका कचेरीच्या संघातून खेळायचे.

इथं एक खुलासा करायला हवा. अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉलपटू म्हणजे विमानाचा मालक. आपल्याकडे ज्याला खेळामुळे रेल्वेत, बँकेत नाहीतर तेल कंपनीत नोकरी लागली तो. ओएनजीसीचा संघ, इंडियन ओव्हरसीज बँकेचा संघ, रेल्वेचा संघ ही या खेळातली मोठी घराणी. मुंबईच्या नागपाड्यानं अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कप्तान दिला. त्यांना १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. पण आज कॉलेज रोडवर दहा जणांना त्यांचं नाव विचारा, अकरावा माणूस येऊन तुम्हालाच पत्ता विचारील. आपला पुरुषांचा संघ ऑलिंपिकला गेला तो एकदाच, १९८० साली मॉस्कोला. तेव्हा या खेळात आयुष्य घालवणं म्हणजे काय, हे ध्यानात येईल.

सरांची राज्याच्या संघात निवड व्हायची होती. ऐन निवडीच्या आदल्या महिन्यात गुडघा गेला. त्या काळी गुडघा गेला म्हणजे गेला. पुढं त्यांनी तीस वर्षं टेबलावर काम केलं, निवृत्त झाले, आणि ज्या दिवशी कचेरीत हारतुरे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे या मैदानावर येऊन कुरडयांच्या शेजारी उभे राहिले.

आता आमची पुतणी. अकरावीत आहे. उंची पाच फूट नऊ इंच. आमच्या आईला या उंचीचा घोर लागलेला. ‘हिच्यासाठी जावई काय शिडी लावून आणायचा?’ असं ती अधूनमधून देवाला विचारते. सरांनी मात्र या मुलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव उमटला म्हणतात, जसा सोनाराच्या चेहऱ्यावर कुणी आजीचं जुनं डोरलं पुढं ठेवल्यावर उमटतो. दोन वर्षं ते तिला शिकवताहेत. पैसा घेत नाहीत. आता ते म्हणतात, राज्याच्या निवड चाचणीला पाठवा. आणि आमचे धाकटे बंधू म्हणतात, पुढच्या वर्षी बारावी आहे, इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा आहे, पहाटेचे दोन तास तिकडं गेले तर क्लासच्या पहिल्या हप्त्यावर पाणी पडलं.

रविवारी मिसळीच्या पंगतीत हा विषय निघाला. बंधूंनी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवता बुडवता एक वाक्य टाकलं, आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

‘‘दादा, सरळ गोष्ट आहे. सरांना स्वतःला जे जमलं नाही, ते त्यांना आमच्या मुलीच्या पायांनी करून घ्यायचंय.’’

वाक्य कडक होतं. तर्रीपेक्षाही. कारण ते खोटं नव्हतं. ज्याचा डाव अर्धा राहिला, तो माणूस दुसऱ्याला पुढं घालून तो डाव पुरा करू पाहतो, हे बरोबर आहे का? त्या दुसऱ्याचं काय? तो खेळाडू की नुसती सोंगटी?

आपल्याकडे या प्रश्नाचा मूळपुरुष म्हणजे द्रोणाचार्य. सरकारनं १९८५ साली उत्तम कोचांसाठी पुरस्कार काढला आणि त्याला त्यांचं नाव दिलं. नाव ठेवणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यायला हवी. एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण द्रोणाचार्यांनी दुसरीही एक दक्षिणा मागितली होती, तिच्याकडे लक्ष जात नाही. लहानपणीचा मित्र द्रुपद राजा झाल्यावर ओळख विसरला, भर दरबारात अपमान केला. ते शल्य उरात घेऊन द्रोण हस्तिनापुरात मास्तर झाले. राजपुत्रांना पोरवयापासून शिकवलं, आणि शिक्षण पुरं झाल्यावर म्हणाले, माझी दक्षिणा एकच, द्रुपदाला बांधून आणा. अर्जुनानं आणला. म्हणजे अख्खी कौरव-पांडवांची शाळा चालली ती एका माणसाचा जुना हिशेब चुकता करण्यासाठी! आमच्या बंधूंनी मिसळ खाताना जो आरोप केला, तो व्यासांनी आधीच लिहून ठेवला आहे.

पण व्यास हा सरळ लेखक नाही. द्रुपदानंही मग यज्ञ केला आणि द्रोणांना मारणारा मुलगा मिळवला, धृष्टद्युम्न. आणि हा मुलगा पुढं जाऊन कुठं जन्माला आलाय, कशासाठी आलाय हे सगळं माहीत असून त्याला शस्त्रविद्या शिकवली कुणी? द्रोणांनीच. एका शिष्याचा अंगठा मागणारा माणूस, आपला गळा कापायला आलेल्या दुसऱ्या शिष्याला तलवार धरायला शिकवतो. या माणसाच्या नावानं पुरस्कार द्यावा की देऊ नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता आपल्या काळातलं बघू. शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर सर. जन्म मालवणचा, १९३२ चा. स्वतः प्रथम दर्जाचा सामना खेळले किती? एक. स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध, १९६३-६४ च्या मोसमात. बस्स. एका सामन्यावर समाधान मानणारा माणूस रोज उन्हात पोरांच्या मागे फिरत नाही, तेव्हा त्यांचंही काहीतरी राहिलं असणारच. पण त्यांनी काय केलं? सचिन तेंडुलकर नेटमध्ये खेळत असताना स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचं नाणं. कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिननं जपून ठेवलीत. म्हणजे इथं दक्षिणा गुरूच्या खिशातून निघून शिष्याच्या खिशात जात होती. महाभारतापासून आजवर हा व्यवहार मी तरी उलटा झालेला पाहिला नव्हता.

एका बाबतीत मात्र सर फार कंजूष. २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिननंच सांगितलं की, एकोणतीस वर्षांत सरांनी कधी ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. मुलगा हुरळून जाईल ही धास्ती. लोकांना हे ऐकून भरून आलं. मला, खरं सांगायचं तर, थोडा रागच आला. रुपया देता, मग दोन शब्दांना काय हरकत होती? शंभर शतकं झाल्यावरही जो हुरळला नाही, तो ‘छान’ या शब्दानं हुरळला असता होय? पण आमच्या हिचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, ‘‘छान खेळलास म्हटलं की त्यात आपलाही वाटा मागितल्यासारखं होतं. त्यांनी तो मागितला नाही.’’ चाळीस वर्षांच्या संसारात मी केलेल्या एकाही गोष्टीला हिनं ‘छान’ म्हटलेलं नाही, त्याचं तत्त्वज्ञान हे असेल याची मला कल्पना नव्हती.

आणि आचरेकरांचेच शिष्य चंद्रकांत पंडित. हे उदाहरण मी बंधूंना मुद्दाम सांगितलं, कारण ते त्यांच्या बाजूचं आहे. पंडित यष्टिरक्षक, भारतासाठी पाच कसोटी खेळले. उतारवयात मध्य प्रदेशाकडे गेले, कप्तान झाले, आणि १९९९ साली बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजीचा अंतिम सामना खेळले. पहिल्या डावात आघाडी मिळालेली, म्हणजे शेवटचा दिवस नुसता खेळून काढला असता तरी करंडक खिशात. तो दिवस निघाला नाही. कर्नाटकानं हिसकावून घेतला. पुढं पंडित कोच झाले. मुंबईला करंडक मिळवून दिला, विदर्भाला लागोपाठ दोनदा दिला. शिस्तीला अतिशय कडक. त्यांच्या हाताखाली खेळणं म्हणजे सासुरवास अशी ख्याती. मग मध्य प्रदेशानं बोलावलं. २०२२ च्या जूनमध्ये तोच अंतिम सामना, तेच चिन्नास्वामी, समोर मुंबई. आणि मध्य प्रदेश जिंकला. तेवीस वर्षांनी! हा कडक माणूस तिथं सर्वांसमोर रडला. या मैदानावर आपला करंडक राहून गेला होता, अशा अर्थाचं तो नंतर बोललासुद्धा.

‘‘बघ!’’ बंधू म्हणाले. ‘‘पोरांना पुढं करून आपला हिशेब चुकता केला.’’

केला. पण त्या सामन्यात यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार या तिघांनी शतकं ठोकली, ती कुणाच्या नावावर लागली? १९९९ साली त्या संघातली बरीच मुलं पाळण्यात नाहीतर बालवाडीत होती. त्यांच्या लेखी तो पराभव म्हणजे पानिपत. कुणाचं तरी कधीतरी झालेलं. त्यांनी आपला करंडक जिंकला, आणि पंडितांनी आपला. एकाच करंडकात दोन करंडक मावले.

कांट नावाचा एक जर्मन तत्त्वज्ञ होता. आपलं गाव सोडून फारसा कुठं गेला नाही, आणि त्याच्या फिरायच्या वेळेवर लोक म्हणे घड्याळं लावत. नाशकात जन्मला असता तर गोदाघाटावर बऱ्यापैकी खपला असता. त्यानं सांगून ठेवलंय की, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. यातला ‘नुसतं’ हा शब्द लोक गाळतात आणि कांटला उगाच सोवळा करून टाकतात. आपण सगळेच एकमेकांना वापरत असतो. दूधवाला मला वापरतो, मी दूधवाल्याला. पापाची सुरुवात होते ती ‘नुसतं’पासून. अंगठा मागितला तिथं एकलव्याचं काही उरलंच नाही, म्हणून ते पाप. आपल्या नाशिकच्या जवळचंच बघा. सावरपाड्याची कविता राऊत. विजेंद्र सिंग यांनी तिला नाशकात घडवलं. तिनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये रौप्य. आम्ही कौतुकानं तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणतो. विजेंद्र सिंगांचं नाव मात्र शहरात किती जणांना सांगता येईल? या गाडीत कोच कुणाला दिसलाच नाही, सगळ्यांना एक्स्प्रेसच दिसली. विजेंद्र सिंगांना वाटा हवा होता की नाही हे मला माहीत नाही. पण तिचा अंगठा तिच्याकडेच राहिला एवढं दिसतं.

बरं, ज्यांचं काहीच राहिलेलं नसतं, ते चांगले कोच होतात म्हणावं तर तसंही नाही. मॅजिक जॉन्सन हा बास्केटबॉलमधला देव. पाच वेळा विजेता. १९९४ साली लेकर्सनं त्याला कोच केलं. सोळा सामने झाले, पाच जिंकले, अकरा हरले, आणि देव घरी गेले. पोरांना काय जमत नाही तेच त्याला समजेना. ज्यानं १८९१ साली हा खेळ शोधून काढला त्या नेस्मिथ मास्तरांची गोष्ट तर याहून मजेदार. ते कॅन्ससच्या विद्यापीठात कोच होते. ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या कोचांत हरण्याचं पारडं जड असलेला हा एकटाच! आणि खेळ त्यांचाच. अपवाद बिल रसेलचा. त्यानं १९६८ आणि १९६९ अशी दोन अजिंक्यपदं बॉस्टनला कोच म्हणून मिळवून दिली. पण तो त्या वेळी संघात स्वतः खेळतही होता. स्वतःच गाडी, स्वतःच प्रवासी.

इतरांचं नशीब तसं नसतं. बास्केटबॉलमध्ये कोच अगदी कोर्टाच्या रेघेला चिकटून उभा असतो. बॉल त्याच्या पायाशी येतो, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून मुलगी चुकीचा पास देते. आणि त्यानं रेघ ओलांडायची नाही. ओरडा, शिट्टी वाजवा, केस उपटा. रेघेच्या आत फक्त तिचे पाय.

हे सगळं डोक्यात घोळवत मी एका पहाटे मैदानावर गेलो. मुली पळत होत्या. सर रेघेशी उभे. मी नमस्कार केला, हवापाण्याचं बोललो, आणि मग सरळच विचारलं, ‘‘सर, एक विचारतो, राग मानू नका. तुमचं जे राहिलं, ते तुम्ही आमच्या मुलीकडून पुरं करून घेताय, असं आमच्या बंधूंचं म्हणणं आहे.’’

वाटलं होतं, चिडतील. निदान नाही म्हणतील.

‘‘हो,’’ सर म्हणाले. ‘‘मग?’’

मी गप्प.

‘‘अहो, राहिलंय म्हणून तर साडेपाचला येतो. सगळं मिळालं असतं, तर या थंडीत झोपलो नसतो का?’’ मग कोर्टाकडे बघतच म्हणाले, ‘‘दोन वर्षांत एक मुलगी मध्येच सोडून गेली. म्हणाली, सर, मला कंटाळा येतो. चांगली होती हो. हिच्याइतकीच. वाईट वाटलं. पण तिच्या घरी नाही गेलो. माझं राहिलंय, ते माझं दुखणं. तिनं का चोळून द्यावं?’’

हे मी घरी येऊन सांगितलं. बंधू काही बोलले नाहीत. पण आमची हिला राहवलं नाही. ‘‘भाऊजी,’’ ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘तुम्हाला इंजिनिअरिंगला किती मार्क कमी पडले होते हो? सात ना?’’

नऊ. बंधूंना नऊ कमी पडले होते, १९९१ साली. ते त्यांनी हळूच दुरुस्त केलं, आणि आपण काय दुरुस्त केलं हे लक्षात येऊन वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं होतं.

या सगळ्या उलाढालीत पुतणीला कुणी काही विचारलंच नव्हतं. एकीकडे सरांचा गुडघा, दुसरीकडे बापाचे नऊ मार्क, आणि मध्ये पाच फूट नऊ इंचांची मुलगी. आईनंच शेवटी तिला जवळ बसवून विचारलं, ‘‘बाई, तुला काय व्हायचंय?’’

‘‘आजी, मला डाव्या हातानं ले-अप जमत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तो आधी जमवायचाय.’’

‘‘म्हणजे काय?’’

‘‘पळत जाऊन, उडी मारून, डाव्या हातानं बॉल रिंगेत ठेवायचा. उजव्यानं जमतो.’’

‘‘मग उजव्यानंच टाक की.’’

‘‘आजी, समोरची मुलगी उजव्या बाजूला उभी असते ना!’’

आईला हे पटलं. समोरची बाई कुठल्या बाजूला उभी आहे हे पाहून हात ठरवायचा असतो, हे तिला आमच्या आत्यांमुळे चांगलं ठाऊक होतं.

चाचणी पुढच्या महिन्यात आहे. क्लासचा दुसरा हप्ता बंधूंनी भरलेला आहे, आणि मुलगी दोन्हीकडे जाते. बसमध्ये पुस्तक उघडते, आणि बहुतेक वेळा त्यावर डोकं टेकून झोपते. काय होईल ते होवो. परवा पहाटे मला मैदानाच्या कठड्याशी बंधू दिसले. मफलर गुंडाळून, मॉर्निंग वॉकला निघाल्याचा बहाणा करून उभे होते. पुतणी डाव्या हातानं बॉल टाकत होती आणि तो रिंगेला लागून कुरडयांच्या जागेकडे जात होता. चौदा-पंधरा वेळा असं झालं. मग बंधू हळूहळू सरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघंही रेघेच्या बाहेर. बराच वेळ कुणी बोललं नाही.

‘‘सर,’’ बंधूंनी घसा खाकरून विचारलं, ‘‘गुडघ्याला काही बांधायला मिळतं का हो? आधीपासूनच?’’